नाण्यावरचं बारावं साल

शोवा ४१, ऑगस्ट ४, गुरुवार

आलेलं सामान – सोयाबीनचं मिसो एक किलो, ९० येन. टोफू दोन वड्या, ५०. उदबत्तीचा पुडा, ६०. वांगी सहा, शेजारून, फुकट (भांडं रिकामं परत करायचं नाही, काकडीचं लोणचं घालायचं). पोस्टाने नगर-कार्यालयाचा छापील कागद – त्याला खर्च नाही.

कागद तीनदा वाचला. दक्षिणेच्या बेटांवर ज्यांची माणसं गेली त्या सगळ्या घरांना पाठवलेला दिसतो. परदेशातल्या जुन्या सैनिकांनी परत केलेल्या वस्तूंची यादी. एकूण अकरा. सातवी अशी – पोटाला बांधायचा कापडी पट्टा. लाल गाठी. अस्तर निळं, जाळ्याची नक्षी. शिवलेलं नाणं एक, पाच सेनचं, शोवा २०. नाव नाही. पाठवणारा ऑस्ट्रेलियातला.

निळं अस्तर, जाळ्याची नक्षी. माझ्या माहेरच्या उन्हाळी किमोनोचं होतं ते. मीच उसवलं होतं.

ओळख पटली तर वीस सप्टेंबरच्या आत कळवायचं. कुणी आलं नाही तर तेवीस तारखेला, शरदातल्या पितरांच्या दिवशी, तोयामा शहरातल्या देवळात अग्नीला अर्पण.

आंघोळीचं पाणी तापवायचं विसरले. हे होडीवरून आले, रिकामं टाकं बघितलं आणि म्हणाले, "आज माशांसारखंच गार पाण्यात का?" मी कागद एप्रनाच्या खिशात घातला. का लपवला ते माहीत नाही.

ऑगस्ट ५

पण वीस साल कसं? थोरले, माझे पहिले यजमान, युद्धात गेले शोवा युगाच्या एकोणिसाव्या सालच्या मार्चमध्ये. बोगनव्हिल बेटावर. सरकारी पत्र देवघराच्या खणात आहे. यंदाच्या मार्चमध्ये त्यांचा तेविसाव्या वर्षाचा विधी केला, अकरा पानं जेवली.

ऑगस्ट ६

सकाळी देवापुढे भाताची वाटी ठेवली, नाव घेतलं, आणि मग सगळं एका ओळीत आठवू लागले. लिहून ठेवते, म्हणजे विचारलं तर चुकायला नको.

अठराव्या सालचा वसंत. यासाकु – थोरले – यांना सैन्याचं बोलावणं आलं. माणूस सुखरूप परतावा म्हणून पोटाच्या पट्ट्याला हजार बायकांच्या हजार गाठी लागतात, एकीची एक. मी मासळीबाजाराच्या तोंडाशी सुई घेऊन उभी राहिले. चार दिवस. वाघाच्या सालात जन्मलेल्या बाईला मात्र वयाइतक्या गाठी घालता येतात, कारण वाघ कितीही लांब गेला तरी घरी येतो. मी वाघाच्या सालची. शेवटची ओळ माझी, तीस गाठी.

बाकीच्या बायका पट्ट्यात पाच सेनचं नाणं शिवत. चार म्हणजे 'शि', आणि मरणही 'शि'. पाच सेन म्हणजे चाराच्या पुढे गेलेला. आमच्या पंथात ताईत-गंडे चालत नाहीत. अमिदाबुद्धाचं नाव घ्यावं, बाकी त्याच्यावर सोडावं. सासूबाई याबाबतीत फार कडक. तरी नाणं त्यांनीच दिलं. देवघराच्या खालच्या खणातून, कागदात गुंडाळलेलं. माझ्या लेकीच्या, मित्सुएच्या जन्मसालचं, शोवा बाराचं. निकेलची नाणी सरकारने परत मागवली तेव्हा सगळ्या गावाने दिली. सासूबाईंनी हे एक ठेवून घेतलं होतं. मी बघतच राहिले. म्हणाल्या, "बुद्धाला सांगितलंय मी. तू गप शिव."

नाण्याखाली कापडावर शाईने 'मि' लिहिलं, मित्सुएचा. त्यावर नाणं ठेवून भोकातून काळ्या रेशमाने शिवलं. हे अक्षर मी आणि थोरले, दोघांनाच ठाऊक.

त्यांना पट्ट्याची गाठ नीट मारता येईना. डाव्या अंगठ्याचं टोक लाकूड तासायच्या वाकसाने उडालेलं, लग्नाच्याही आधी. होड्या बांधणाऱ्याच्या हाताचं एवढं जायचंच, असं म्हणत. मग मी बांधला. "आवळून बांध," म्हणाले. "तिकडे पोट सुटायची भीती नाही."

ऑगस्ट ८, सोमवार

नगर-कार्यालयात गेले. खिडकीवर हामादे नावाचा पोरगा. तेवीस-चोवीस वर्षांचा, कॉलर कडक, खिशाला पेनं दोन.

"काकू, अस्तर हा काही पुरावा नाही," म्हणाला. "हिमी गावात निम्म्या बायका जाळ्याची नक्षी घालतात."

"नाण्याखाली अक्षर आहे. नाणं उसवून बघा."

"वस्तू तोयामाला आहे. उसवायला परवानगी लागते, परवानगीला आधी कागद जुळावा लागतो. आणि कागदच जुळत नाही." यादीवर बोट ठेवलं. "तुमचे यजमान गेले एकोणीस साली. नाणं पाडलंय वीस साली. गेलेल्या माणसाने पुढच्या सालचं नाणं कुठून आणायचं?"

मागे रांगेत तांदळाच्या दुकानाची ओसाकीबाई उभी. "स्वर्गात सुट्टे पैसे मिळत असतील हो, होरीताबाई," म्हणाली. तिघे-चौघे हसले. मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले.

पोराचं चुकत नाही. हिशोब बरोबर आहे. पण अस्तर माझं आहे.

ऑगस्ट ९

पुन्हा जायचं. काय घेऊन जायचं ते सुचत नाही.

ऑगस्ट १४, रविवार

पितरांचे दिवस. मित्सुए ताकाओकाहून आली, दोन कलिंगडं घेऊन (एक पुरलं असतं). तिच्या हातात कागद दिला. वाचून म्हणाली, "आई, बाबांना दाखवलास?" बाबा म्हणजे हे. तिला दुसरे बाबा आठवत नाहीत. सहा वर्षांची होती ती.

नाही दाखवला, म्हटलं.

कबरीवर पाणी घातलं, दिवा ठेवला. आत थोरल्यांचं काही नाही. सरकारने पांढऱ्या कापडात बांधलेली पेटी दिली होती, ती उघडली तर आत दगड. मुठीएवढा, गोल, कुठल्याही किनाऱ्यावर मिळेल असा. तोच पुरलेला आहे. बावीस वर्षं मी दगडासमोर हात जोडते. बुद्धाची माफी मागून लिहिते – राग येतो.

परतताना देवळात गेलो. देवळातल्या माई ओसरीवर दानपेटी उपडी करून बसलेल्या. जुनी, बाजारातून गेलेली नाणी लोक अजून पेटीत टाकतात. "देवाला काय कळतंय असं वाटतं यांना," म्हणाल्या. ती सगळी त्या बिस्किटांच्या डब्यात साठवतात. मी म्हटलं, माई, वीस सालचं पाच सेनचं असेल का यात? बघू तरी कसं दिसतं.

तिघी डबा घेऊन बसलो. माईंनी बार्लीचा चहा आणला. मित्सुएची नजर तीक्ष्ण, तिलाच आधी सापडलं. "हे घे! वीस साल. भोक आहे, घार आहे."

हातात घेतलं. घार. मधलं भोक. कडेचे दाते. हे नाणं मी चार दिवस तळव्यात धरून बसले होते, ते मी विसरीन?

"मित्सुए, हे बारा सालचं आहे."

"वीस लिहिलंय, आई. हे बघ – दोन, दहा."

तेव्हा उजेड पडला. डावीकडून वाचत गेलं की नाण्यावर ओळ अशी दिसते – साल, दोन, दहा, वा, शो. आता कोण असं वाचतं? सगळे डावीकडून वाचतात. युगाचं नाव ओळखीचं, ते उलटं असलं तरी डोळा सुलटं करून घेतो. आकडा मात्र जसा दिसला तसा वाचतो. दोन-दहा, वीस! पण युद्धाआधी आडवी ओळ उजवीकडून लिहीत. शो, वा, दहा, दोन, साल. दहा-दोन म्हणजे बारा. पाट्या, डबे, नाणी, सगळं तसंच होतं. तेविसाव्या सालापासून नाण्यांनी दिशा बदलली आणि आम्हीही बदललो. मीसुद्धा आता दुकानाची पाटी डावीकडूनच वाचते की.

मित्सुए नाणं डोळ्याजवळ धरून बसली. "म्हणजे माझ्या जन्माचं," एवढंच म्हणाली.

मी डबा सोडला नाही. खरं वीस सालचं सापडेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. सापडलं, तळाशी. राखाडी, हलकं, जस्ताच्या झाकणासारखं. कबूतर. आणि भोकच नाही! यादीतलं नाणं शिवलेलं आहे. भोक नसलेलं नाणं शिवणार कशातून?

माईंकडून दोन्ही नाणी मागून घेतली, परत करीन म्हणून लिहून दिलं. माई म्हणाल्या, "लिहून काय देतेस, देवाची आहेत." तरी दिलं.

सासूबाई असत्या तर आज खूश झाल्या असत्या. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. शेवटच्या आठवड्यात तापात असायच्या. मला विचारायच्या, "थोरल्याला मुळ्याचं लोणचं आवडलं ना? दोनदा घेतलं त्याने. पण उभ्यानेच खाल्लं ग." म्हातारपणी गेलेली माणसं जेवायला येतात, तसं ते. मी हो म्हणायची.

ऑगस्ट १५

शिवणाच्या डब्यातलं सुया गोळा करायचं लोहचुंबक लावून बघितलं. बारा सालचं नाणं टुणकन चिकटलं. वीस सालचं हललंही नाही. निकेलला ओढ आहे, कथिलाला नाही.

ऑगस्ट १६, मंगळवार

कार्यालय उघडायच्या आधी दारात. हामादे खिडकीवर बसला नाही तोच नाणं पुढे ठेवलं.

"साल वाचा."

"काकू, परत?" वाचलं. "वीस."

"आता युगाचं नाव वाचा. एकेक अक्षर, डावीकडून."

"वा... शो..." थांबला.

"वाशो नावाचं युग केव्हा झालं हो, साहेब?"

कान लाल झाले. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा कारकून चष्म्यावरून बघत होता, तो हसायला लागला. "अरे, बारा आहे ते. आण इकडे." त्याने बघितलं आणि हसणं आपोआप थांबलं. यादी तोयामाला कुणा तरुणानेच केली असणार, म्हणाला. मग दुसरं नाणं ठेवलं, मग चुंबक. हामादेने तीन वेळा चिकटवून बघितलं.

"शाळेत कुणी सांगितलं नाही हे," म्हणाला.

"सांगणारे तेव्हा गप्प होते. तुमचा दोष नाही. पण आता पत्र तुम्ही लिहायचं."

लिहिलं. चांगलं लिहिलं, अक्षर मोत्यासारखं. एक अडचण त्यानेच काढली. बारा सालची नाणी लाखो असतील. त्यामुळे हे तुमचं असं ठरत नाही, एवढंच ठरतं की तुमचं असू शकतं. मी म्हटलं, तेवढंच मागते आहे. उसवायचा हक्क द्या. पत्रात नाण्याखालचं अक्षर आधीच लिहून ठेवलं आणि पाकीट माझ्यासमोर बंद करवलं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बघून सांगितलं.

ऑगस्ट १८

यांना सांगितलं. जाळ्याची भोकं सांधत बसले होते. नाणं पुढे केलं.

"बारा," म्हणाले, क्षणात. मग सुई थांबली. "मित्सुएचं असंच होतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आईने तुला दिलं तेव्हा मी दारात होतो."

कागद दिला. वाचायला फार वेळ लावला. पानभरच आहे.

"कशाला उकरायचं?" म्हणाले. "तेविसाव्या वर्षाचं झालं. झोपू दे त्याला."

"कुणाला झोपू देऊ? दगडाला?"

ते जाळं गोळा करून अंगणात गेले.

त्यांचंही समजतं मला. शोगो हे थोरल्यांचे धाकटे भाऊ. आधी मला वहिनी म्हणायचे, मान खाली घालून. एकविसाव्या सालच्या फेब्रुवारीत सासूबाईंनी आमचं लग्न लावलं. तेव्हा असं घरोघरी झालं. शेत, होडी, पोर, सगळं एका घरात राहावं म्हणून. त्या दिवसापासून त्यांनी मला कशानेच हाक मारलेली नाही. 'अगं'ही नाही. 'इकडे' म्हणतात, किंवा खाकरतात. वीस वर्षं मी खाकरण्यावरून ओळखते की चहा हवाय की छत्री. माणूस सोन्यासारखा. मित्सुएला कधी परकं वाटू दिलं नाही. पण दोघांच्यामध्ये तो दगड असतोच, जेवतानासुद्धा.

ऑगस्ट १९

सकाळी बघते तर माझ्या चांगल्या लाकडी चपलांचा तुटलेला पट्टा बदललेला. तोयामाला जायचं तर त्याच घालाव्या लागतील, हे त्यांना ठाऊक.

सप्टेंबर १

उत्तर नाही. वीस दिवस उरले. नाव घेणं वाढवलंय. बुद्धाशी सौदा करू नये असं माई म्हणतात. मी सौदा करत नाही, आठवण करून देते.

सप्टेंबर ३

उत्तर आलं. बुधवारी या.

सप्टेंबर ७, बुधवार

पहिल्या गाडीने गेले. डब्यात दोन भाताचे गोळे, आत आंबट बोर. एक परत आणला.

इमाइझुमी म्हणून साठीचे अधिकारी. माझ्या आधीच त्यांनी पाकीट टेबलावर मांडून ठेवलेलं, न उघडलेलं. पट्टा पांढऱ्या कागदावर. चहाच्या रंगाचा झालेला. लाल गाठी वाळलेल्या तांबड्या मातीसारख्या. मी हात लावला नाही, आधी शेवटची ओळ मोजली. तीस. विसाव्या गाठीपाशी दोरा संपला होता, दुसरा जोडला होता. तो जोड तिथेच.

त्यांनी नाणं भिंगातून वाचलं, उजवीकडून. "बारा," म्हणाले. "बाईसाहेब, आमच्याकडून चूक झाली." मी चुंबक दिलं. पट्ट्याच्या वर बोटभर धरलं तर कापड उचललं गेलं. नाणं चुंबकाकडे ओढ घेत होतं.

मग पाकीट फोडलं, वाचलं, कात्रीने काळं रेशीम कापलं. नाणं उचललं. सगळं कापड चहासारखं, पण नाण्याखालचा गोल पांढरा, परवा धुतल्यासारखा. त्यात 'मि'. शाई जरासुद्धा फुटलेली नाही.

इमाइझुमी उठून उभे राहिले आणि कमरेपासून वाकले. मीही वाकले. किती वेळ कोण जाणे.

पट्टा मांडीवर घेऊन आले. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. पाठवणाऱ्याचा पत्ताही दिलाय त्यांनी – ड्रिस्कॉल, ऑस्ट्रेलिया. आभार मानले पाहिजेत.

सप्टेंबर १०

निवृत्त इंग्रजी मास्तर ओकुनो सर यांच्याकडे गेले. पत्र मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. आभार. पट्टा माझ्या यजमानांचा, खात्री पटली. तो तुम्हाला त्या बेटावर नेमका कुठे मिळाला? जवळ कुणी होतं का? तुम्हाला आम्ही दोष देत नाही, फक्त जागा कळावी, असं दोनदा घालायला लावलं. सरांनी विचारलं, साल कोणतं घालू? आपलं एकेचाळीस त्यांना कळणार नाही, तिकडे १९६६ म्हणतात. मग ते घातलं. हवाई पत्र ५० येन. सर पैसे घेईनात. वांग्याचं लोणचं दिलं.

सप्टेंबर २३, शुक्रवार

पितरांचा दिवस. तोयामाला आज बाकीच्या वस्तू अग्नीत गेल्या असतील. त्यांचंही नाव घेतलं. त्यांच्या बायकांनी कुठे लिहिलं असेल काय काय, कोण जाणे.

आमच्याकडे कबर उघडली. यांनीच शिळा सरकवली, कुणाला हात लावू दिला नाही. आत वाकून दगड काढला, पंच्यात गुंडाळला. मी पट्टा दिला, घडी करून, तीस गाठी वर. ठेवताना हे खाली वाकून हळूच म्हणाले, "दादा, आत या."

नाणं मित्सुएला दिलं. मुठीत घट्ट धरून होती घरापर्यंत. दगड यांनी नदीच्या मुखाशी सोडला. संध्याकाळी तिघांनी शेवया खाल्ल्या. हे दोनदा मागून जेवले. बऱ्याच वर्षांनी जेवताना मध्ये कुणी नव्हतं.

सप्टेंबर २४

माईंची दोन्ही नाणी परत केली. लिहून दिलेला कागद परत घेतला.

ऑक्टोबर ११

पर्सिमनची फळं सोलून वळचणीला टांगली. एकशेवीस. हे शिडीवर, मी खालून देत होते. खाकरले नाहीत, नुसता हात खाली केला.

ऑक्टोबर २७, गुरुवार

ओकुनो सर स्वतः घरी आले, सायकलवरून, पत्र घेऊन. ड्रिस्कॉलचं. हेही होते. सरांनी एकेक वाक्य वाचून सांगितलं, मध्येच चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

ड्रिस्कॉल त्या बेटावर कधी गेलाच नव्हता. तो ऑस्ट्रेलियात युद्धकैद्यांच्या छावणीवर पहारेकरी होता. पट्टा त्याला कुठे सापडला नाही. एका जपानी कैद्याने स्वतःच्या हाताने दिला. वहीत त्या माणसाचं नाव यामादा होतं, पण तिथे निम्म्या लोकांनी उसनी नावं सांगितलेली. पकडले गेलो हे घरी कळू नये म्हणून. हा पट्टा त्याने १९४६ च्या मार्च महिन्यात, मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढायच्या दिवशी दिला. हसून म्हणाला, घरच्यांनी मला केव्हाच पुरलं असेल, मेलेल्या माणसाला पट्टा कशाला? आणि जिना चढून गेला.

"१९४६," सर म्हणाले. "आपलं एकविसावं साल."

एकविसाव्या सालचा मार्च. आमचं लग्न फेब्रुवारीतलं.

पट्टा थोरल्यांचा आहे हे मीच सिद्ध केलं. पण देणारा कोण? थोरलेच? की त्यांच्या अंगावरून तो काढून घेणारा कुणी सोबती? सरांना विचारलं, दिसायला कसा होता ते लिहिलंय का? नाही लिहिलेलं.

यांनी सरांना चहा दिला. मी द्यायला विसरले.

ऑक्टोबर २८

देवापुढे भाताची वाटी घेऊन बसले. थोरल्यांच्या नावापुढे ठेवायला हात पुढे होईना. मुळ्याचं लोणचं. उभ्यानेच खाल्लं. सासूबाई तेव्हा तापात बोलत होत्या, की डोळ्यांनी बघितलेलं सांगत होत्या?

हे मागे येऊन उभे राहिले. खाकरले नाहीत. वीस वर्षांनी हाक मारली.

"वहिनी," म्हणाले. "पत्राला उशीर करू नका."

ओकुनो सरांना द्यायचा मजकूर – श्री. ड्रिस्कॉल यांस, नमस्कार. जास्त काही विचारत नाही. त्या माणसाच्या डाव्या अंगठ्याला टोक होतं की नव्हतं, एवढं आठवून पाहा. असेल तसं, उलटटपाली कळवावं. – होरीता शिझुनो.